बागेला कुलूप, नळाला नाही

दोस्तहो, २०२० सालचा मार्च महिना आठवतोय? तेव्हा अगदी लहान असाल, तर आई-बाबांना विचारा. २५ मार्चपासून करोनाच्या साथीमुळे सारा देश घरात बसला. मुंबईत तर त्याच्या आधीपासूनच एकेका दाराला कुलूप लागत होतं. शाळा बंद, बागा बंद, महापालिकेचे तरणतलाव बंद. राणीच्या बागेतल्या पेंग्विनना बघायला कुणी म्हणून येईना!

पण एक गोष्ट तुमच्या ध्यानात आली का? त्या दिवसांतही नळाला पाणी यायचंच. कसं बरं?

मुंबईचं पाणी भातसा, तानसा, वैतरणा अशा दूरदूरच्या तलावांतून येतं. एवढ्या मोठ्या शहराला ते एकाच वेळी देता येत नाही, म्हणून प्रत्येक भागाची वेळ ठरलेली असते. ती वेळ झाली, की पालिकेचा माणूस लांब लोखंडी चावी घेऊन येतो, रस्त्यातलं झाकण उचलतो आणि जमिनीखालचा व्हॉल्व्ह फिरवतो. याला म्हणतात चावीवाला. आता सांगा, हे काम घरी बसून, कॉम्प्युटरवर होईल का?

बरं, पालिकेचे कितीतरी कामगार राहतात कल्याणला नाहीतर विरारला. आणि लोकल तर २२ मार्चच्या मध्यरात्रीपासून ठप्प! अत्यावश्यक कामावरच्या लोकांसाठी ती पुन्हा धावली १५ जूनला. मधले जवळजवळ तीन महिने बेस्टच्या आणि एसटीच्या बसगाड्यांनी या मंडळींची ने-आण केली. कचरा रोजच्या रोज उचलावाच लागत होता. नालेसफाईही थांबवता येत नव्हती, कारण पाऊस काही साथ संपायची वाट बघत नाही. हे सगळं बिनधोक नव्हतं. पालिकेचे अनेक कामगार-कर्मचारी या साथीत दगावले.

धारावीची गोष्ट तर आणखी अवघड. सुमारे अडीच चौरस किलोमीटरमध्ये लाखो माणसं, एकेका खोलीत आठ-दहा जण. १ एप्रिल २०२० ला तिथे पहिला रुग्ण सापडला. ‘एकमेकांपासून लांब राहा’ असं तिथे कुणाला सांगणार? तिथल्या बहुतेक लोकांना सार्वजनिक शौचालयातच जावं लागतं. त्याला कुलूप लावणं शक्यच नव्हतं. मग पालिकेनं ती दिवसातून अनेकदा धुऊन जंतुनाशक फवारायला सुरुवात केली. डॉक्टर आणि आरोग्यसेविका गल्लोगल्ली फिरून ताप तपासू लागल्या. आजाऱ्याच्या घरच्यांना वेगळं ठेवायला जागा हवी होती, ती मिळाली कुठे? पालिकेच्या शाळांमध्ये! बाकं बाजूला सरली आणि वर्गात खाटा आल्या. जुलैमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचं नाव घेऊन कौतुक केलं.

कौतुक योग्यच होतं. पण मोठ्यांना एक प्रश्न विचारायला हवा, आणि तो तुमच्या वतीनं मीच विचारतो. कुलपं लावताना घाई झाली ते समजलं, पण काढताना कुठलं कुलूप आधी काढायचं हे कसं ठरलं? मुंबईतले मॉल ऑगस्ट २०२० मध्ये उघडले, हॉटेलं ऑक्टोबरमध्ये. पुढच्या लाटेत ती पुन्हा मिटली, हे खरं. पण आठवी ते बारावीच्या शाळा भरल्या थेट ४ ऑक्टोबर २०२१ ला आणि पहिली ते सातवीच्या १५ डिसेंबरला. म्हणजे तब्बल एकवीस महिन्यांनी! दुपारच्या खिचडीऐवजी मुलांच्या घरी तांदूळ-डाळ दिली गेली. पण शिकणं? ते मोबाइलवर. आणि घरात मोबाइल एकच असेल, तोही बाबा कामावर घेऊन जात असतील, तर?

त्या डिसेंबरात दुसरीच्या वर्गात येऊन बसलेल्या मुलांनी पहिलीचा वर्ग आतून कधी पाहिलाच नव्हता.