विश्लेषण : क्लाउडवरील ‘डीडॉस’ संरक्षण खरोखर चालू आहे का? कमांड लाइनवरून कसे तपासतात?

मायक्रोसॉफ्टच्या अझूर क्लाउडवरील अनेक सेवा ३० जुलै २०२४ रोजी भारतीय वेळेनुसार सायंकाळी सव्वापाचच्या सुमारास अडखळू लागल्या. सेवा पूर्ववत होण्यास सुमारे आठ तास लागले. कारण होते डीडॉस हल्ला. मात्र, प्राथमिक तपासानंतर कंपनीने दिलेली माहिती अधिक धक्कादायक होती. हल्ला होताच संरक्षण यंत्रणा सुरू झाली, पण तिच्या अंमलबजावणीतील चुकीमुळे हल्ल्याचा परिणाम कमी होण्याऐवजी वाढला. संरक्षण असणे आणि ते नीट लावलेले असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या घटनेने दाखवून दिले.

डीडॉस हल्ला म्हणजे काय?

तिकीट खिडकीवर हजारो जणांनी एकाच वेळी गर्दी केली आणि कोणीही तिकीट न घेता नुसतीच चौकशी करत राहिले, तर खऱ्या प्रवाशाला तिकीट मिळणार नाही. डीडॉस हल्ल्यात हेच घडते. जगभरातील हजारो यंत्रांकडून एखाद्या सर्व्हरवर बनावट मागण्यांचा मारा केला जातो. माहिती चोरीला जात नाही, पण सेवा बंद पडते.

या हल्ल्यांचा आकार झपाट्याने वाढला आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये गिटहबवर सेकंदाला १.३५ टेराबिटचा मारा झाला. नोव्हेंबर २०२१ मध्ये अझूरच्या आशियातील एका ग्राहकावरील हल्ला ३.४७ टेराबिटपर्यंत पोहोचला. ऑगस्ट २०२३ मध्ये गुगलने सेकंदाला ३९.८ कोटी मागण्यांचा हल्ला थोपवला.

क्लाउडवर संरक्षण आपोआप मिळत नाही का?

मिळते, पण प्राथमिक स्वरूपाचे. एडब्ल्यूएसचे ‘शील्ड स्टँडर्ड’ सर्व ग्राहकांना मोफत असते. अझूरही आपल्या पायाभूत यंत्रणेचे संरक्षण विनामूल्य करते. मात्र, त्याची मर्यादा संपूर्ण क्लाउडचा विचार करून ठरवलेली असते. जो मारा क्लाउड कंपनीच्या दृष्टीने किरकोळ, तोच एखाद्या छोट्या ॲपला आडवा करू शकतो.

त्यापुढचे संरक्षण विकत घ्यावे लागते. ‘शील्ड ॲडव्हान्स्ड’चे शुल्क महिन्याला ३,००० डॉलर असून किमान एक वर्षाची बांधिलकी असते. अझूरमध्ये एका सार्वजनिक आयपी पत्त्यापुरते संरक्षण महिन्याला सुमारे १९९ डॉलरमध्ये मिळते.

मग घोळ कुठे होतो?

पैसे भरले म्हणजे संरक्षण लागू झाले, असा समज असतो. प्रत्यक्षात योजना घेणे ही पहिली पायरी, तर ती प्रत्येक सर्व्हर, लोड बॅलन्सर किंवा आयपी पत्त्याला जोडणे ही दुसरी. वर्षभरात नवे सर्व्हर वाढतात, जुने बदलतात आणि ही दुसरी पायरी राहून जाते. बिल मात्र नियमित येत राहते.

तपासणीसाठी कमांड लाइनच का?

पोर्टलवर एकेका पानावर जाऊन पाहावे लागते. शंभर आयपी पत्ते असतील तर एखादा नजरेतून सुटतोच. कमांड लाइनवर एका ओळीत पूर्ण यादी मिळते, ती साठवता येते आणि रोज आपोआप तपासता येते. शिवाय जुलै २०२४ च्या घटनेत अझूरच्या पोर्टललाही फटका बसला होता. अशा वेळी पोर्टलवर अवलंबून नसलेली वाट हाताशी असणे उपयोगी ठरते.

कोणत्या कमांड, उत्तरात काय पाहायचे?

(कमांड इंग्रजी अक्षरांत टाइप कराव्या लागतात. येथे त्यांचे उच्चार दिले आहेत.)

एडब्ल्यूएस : ‘एडब्ल्यूएस शील्ड गेट-सबस्क्रिप्शन-स्टेट’ या कमांडला ‘ॲक्टिव्ह’ असे उत्तर आले, तर योजना चालू आहे. पण तिथे थांबू नये. ‘एडब्ल्यूएस शील्ड लिस्ट-प्रोटेक्शन्स’ ही यादी रिकामी आली, तर योजना आहे पण तिच्या छत्राखाली काहीच नाही.

अझूर : ‘एझेड नेटवर्क व्हीनेट शो’ या कमांडच्या उत्तरात ‘इनेबल डीडॉस प्रोटेक्शन’समोर ‘ट्रू’ आहे का आणि योजनेचा आयडी जोडलेला आहे का, ते पाहावे. ‘एझेड नेटवर्क पब्लिक-आयपी शो’मध्ये प्रोटेक्शन मोड ‘व्हर्च्युअल नेटवर्क इनहेरिटेड’ असा दिसू शकतो. त्याचा अर्थ, हा पत्ता आपल्या नेटवर्कचे संरक्षण घेतो. नेटवर्कलाच संरक्षण नसेल, तर पत्त्यालाही नाही.

गुगल क्लाउड : ‘जीक्लाउड कम्प्युट सिक्युरिटी-पॉलिसीज डिस्क्राइब’मध्ये नियमासमोर ‘प्रिव्ह्यू : ट्रू’ असेल, तर तो नियम फक्त नोंद करतो, अडवत नाही. पॉलिसी बॅकएंड सर्व्हिसला जोडली आहे का, हे ‘जीक्लाउड कम्प्युट बॅकएंड-सर्व्हिसेस डिस्क्राइब’ने कळते.

या सर्व कमांड फक्त माहिती वाचतात, काहीही बदलत नाहीत. त्यामुळे तपासणीसाठी केवळ वाचनाचे अधिकार असलेले खाते पुरते. ॲडमिनचे खाते वापरण्याची गरज नसते.

सेटिंग बरोबर असली की काम संपले?

नाही. मूळ सर्व्हरचा आयपी पत्ता उघड असेल, तर हल्लेखोर संरक्षणाला वळसा घालून थेट तिथेच मारा करतात. हल्ला झाल्यास कोणाला फोन करायचा, हेही आधी ठरलेले हवे. मात्र, ‘करून बघू’ म्हणून परस्पर हल्ल्याची चाचणी घेऊ नये. अझूरवर अशी चाचणी केवळ मान्यताप्राप्त भागीदारांमार्फत करता येते. दुसऱ्याच्या यंत्रणेवर असा मारा करणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ नुसार गुन्हा असून, तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

भारतातील नियम काय सांगतो?

‘सर्ट-इन’च्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार डीडॉससह ठरावीक सायबर घटनांची माहिती, त्या लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवणे बंधनकारक आहे. यंत्रणेच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवाव्या लागतात. हल्ला सुरू झाल्यावर संरक्षण जोडलेले होते की नाही, याचा शोध घेण्यातच हे सहा तास जाऊ शकतात. तीच तपासणी आधी केली, तर तिला काही मिनिटे पुरतात.