आरोग्यसेवेतील कृत्रिम बुद्धिमत्ता आणि रुग्णांचा दृष्टिकोन

आरोग्यसेवेत कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर होत असताना रुग्ण तिच्यावर कितपत विश्वास ठेवतात, कशाला हरकत घेतात आणि प्रत्यक्षात कोणते अनुभव घेतात, हा संशोधनाचा एक स्वतंत्र विषय बनला आहे. अशा प्रणालींचे मूल्यमापन प्रामुख्याने अचूकतेच्या निकषावर होते. रुग्णांच्या शंका मात्र बहुधा अचूकतेपुरत्या मर्यादित नसतात.

विश्वास आणि साशंकता

अमेरिकेतील प्यू रिसर्च सेंटरने डिसेंबर २०२२ मध्ये सुमारे ११,००० प्रौढांची पाहणी केली. आपले डॉक्टर निदान व उपचार ठरवताना कृत्रिम बुद्धिमत्तेवर विसंबले तर अस्वस्थ वाटेल, असे ६० टक्के लोकांनी सांगितले. विशेष म्हणजे, या तंत्रामुळे वैद्यकीय चुका कमी होतील असे मानणारे (४० टक्के) चुका वाढतील असे मानणाऱ्यांपेक्षा (२७ टक्के) अधिक होते. डॉक्टर व रुग्ण यांच्यातील नाते बिघडेल, अशी भीती ५७ टक्के लोकांनी व्यक्त केली. मत कामानुसारही बदलते: त्वचेच्या कर्करोगाच्या तपासणीत हे तंत्र वापरावे असे ६५ टक्के लोकांना वाटले, तर मानसिक आरोग्यासाठी चॅटबॉट नको म्हणणारे ७९ टक्के होते.

लोंगोनी, बोनेझी आणि मोरवेज यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात या नाराजीचे एक कारण पुढे आले. आपली प्रकृती इतरांपेक्षा वेगळी आहे आणि यंत्र ते वेगळेपण लक्षात घेणार नाही, असे लोकांना वाटते.

थायलंडमधील अनुभव

मधुमेहामुळे होणारा दृष्टिपटलाचा विकार ओळखणारी गूगलची प्रणाली थायलंडमधील ११ दवाखान्यांत वापरून पाहण्यात आली. तिच्या विकासासाठी भारतीय रुग्णालयांतील छायाचित्रेही वापरली गेली होती. तज्ज्ञांच्या अहवालासाठी पूर्वी काही आठवडे थांबावे लागे. तो निष्कर्ष आता काही मिनिटांत मिळणे अपेक्षित होते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वेगळेच चित्र दिसले. पुरेसा अंधार नसलेल्या खोल्यांत काढलेली अनेक छायाचित्रे अस्पष्ट येत आणि प्रणालीने सुमारे एकपंचमांश छायाचित्रे नाकारली. छायाचित्र नाकारले गेले की रुग्णाला दूरच्या रुग्णालयात नेत्रतज्ज्ञाकडे पाठवले जाई. प्रवासाचा खर्च आणि बुडणारी मजुरी यांचा भार रुग्णावरच पडे. काही परिचारिकांनी तर हा त्रास टाळण्यासाठी रुग्णांना अभ्यासात सहभागी होण्यापासून परावृत्त केले. प्रयोगशाळेतील अचूकतेच्या आकड्यांत ही अडचण कोठेही दिसली नसती.

माहिती आणि संमती

लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालय न्यासाने सुमारे १६ लाख रुग्णांच्या नोंदी डीपमाइंड या कंपनीला दिल्या होत्या. रुग्णांना याची पुरेशी कल्पना दिली गेली नव्हती, असा निर्णय ब्रिटनच्या माहिती आयुक्त कार्यालयाने जुलै २०१७ मध्ये दिला. मूत्रपिंडाच्या आजाराची सूचना देणाऱ्या संबंधित ॲपमध्ये कृत्रिम बुद्धिमत्ता वापरलेली नव्हती. तरीही या विषयाच्या चर्चेत हे प्रकरण वारंवार येते.

भारतात, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने (आयसीएमआर) २०२३ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत रुग्णाची स्वायत्तता, माहितीपूर्ण संमती आणि मानवी देखरेख यांवर भर आहे. क्षयरोगाच्या तपासणीत छातीच्या एक्स-रेचे वाचन करणाऱ्या संगणक प्रणालींना जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये १५ वर्षांवरील व्यक्तींसाठी मान्यता दिली; मुंबईस्थित क्युअर डॉट एआय ही कंपनी अशीच प्रणाली तयार करते. रेडिओलॉजिस्ट नसलेल्या गावात अशा तपासणीला नकार देण्याचा अधिकार कागदावर राहिला, तरी रुग्णापुढे दुसरा पर्याय क्वचितच असतो.