टबाभोवती कोणता दगड?
मकराण्याचा संगमरवर देखणा खरा, पण मुळात तो कॅल्शियम कार्बोनेट. फरशी धुण्याचं अ‍ॅसिड सांडलं की तकाकी गेलीच. कोटा, शहाबाद, कडप्पा हेही चुनखडीचेच भाऊबंद. ग्रॅनाइट इथे सरस: मोह्ज मापावर त्याचा कठीणपणा 6 ते 7, संगमरवराचा जेमतेम 3. दुकानातून पॉलिश केलेला तुकडा मागून आणा, लिंबाचे दोन थेंब टाका, दहा मिनिटांनी पुसा. निस्तेज डाग उमटला तर दगड चुन्याचा. राजस्थानी हिरवा ‘मार्बल’ बहुधा सर्पेंटाइन असतो. पाण्यात कालवलेल्या मसाल्यावर त्याची पातळ फरशी वाकू शकते, तिला इपॉक्सीच हवं. काठाला टबाच्या दिशेने किंचित उतार द्यायला मिस्त्रीला आधीच बजावा. नंतर कोण ऐकतंय! पायाखाली मात्र गुळगुळीत पॉलिश नको.