स्मृती वाढली, वेग का घटला?

लॅपटॉपची स्मृती वाढावी म्हणून तुम्ही त्यातील ४-४ गिगाबाइटच्या दोन रॅमपट्ट्या काढून १६ गिगाबाइटची एकच पट्टी बसविलीत. स्मृती दुप्पट झाली. पण खेळातील चित्रे अडखळू लागली! असे का व्हावे?

धान्याचे गोदाम डोळ्यांसमोर आणा. त्यात धान्य किती मावते ही एक गोष्ट, दारातून किती भराभर बाहेर येते ही दुसरी. डीडीआर४ जातीची २४०० अंकाची पट्टी सेकंदाला २४० कोटी खेपा करते. दर खेपेस ८ बाइट, म्हणजे जास्तीत जास्त १९.२ गिगाबाइट. दोन पट्ट्या दोन दारांनी ३८.४ गिगाबाइट देतात. एकच पट्टी ठेवलीत की एक दार बंद! ती ३२०० अंकाची असली तरी २५.६ च. ज्या लॅपटॉपमध्ये चित्रांसाठी वेगळी स्मृती नसते, त्याला हा फटका अधिक बसतो. नुसता मजकूर लिहिताना तो बहुधा जाणवणारही नाही.

विंडोज असेल तर टास्क मॅनेजरमध्ये 'मेमरी' उघडा. किती खाचा भरल्या आहेत, वेग किती आहे, हे तेथे दिसते. एक खाच रिकामी असेल तर तशीच दुसरी पट्टी तीत बसवा. कमी वेगाची पट्टी मात्र घेऊ नका; मग दोन्ही पट्ट्या तिच्याच चालीने चालतात.