ताकदीचा उस्ताद आणि आई-वडिलांची अमानत

अमेरिकेत एखादा मुलगा शाळेच्या मैदानावर फुटबॉल चांगला खेळू लागला, की मोठ्या विद्यापीठांचे प्रशिक्षक त्याच्या घरी येतात. बैठकीत बसतात, आईने पुढे ठेवलेले खातात, शिक्षणाचा खर्च विद्यापीठ उचलेल असे सांगतात. सगळे ऐकून घेतल्यावर आई-वडील विचारतात, आमच्या मुलाकडे लक्ष कोण देणार? प्रशिक्षक सांगतो, मी देईन.

मुलगा विद्यापीठात दाखल होतो. मग कळते की वर्षातला सर्वांत जास्त वेळ तो या प्रशिक्षकाबरोबर घालवणारच नाही. पहाटे व्यायामशाळेचे दार उघडून उभा असलेला माणूस वेगळाच असतो. त्याला 'स्ट्रेंग्थ अँड कंडिशनिंग कोच' म्हणतात, म्हणजे ताकद आणि दमसास घडवणारा प्रशिक्षक. आपल्याकडच्या तालमीतला वस्ताद आठवा. किती जोर, किती बैठका, खुराक काय, विश्रांती किती, हे तोच ठरवतो. 'वस्ताद' हा शब्द 'उस्ताद'वरूनच मराठीत आला. कोवळ्या वयाच्या मुलाचे शरीर अशा उस्तादाच्या हाती सोपवणे ही केवढी मोठी अमानत आहे, हे अमेरिकेतील कॉलेज फुटबॉलच्या इतिहासात फार स्पष्ट दिसते.

हा खेळ कसा असतो

अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपण टीव्हीवर पाहतो तो फुटबॉल नव्हे. चेंडू लांबट असतो आणि तो बहुतांशी हातात घेऊन पळायचे किंवा फेकायचे असते. प्रत्येक बाजूला 11 खेळाडू, मैदान 100 यार्डांचे. प्रत्येक डाव जेमतेम पाच-सहा सेकंदांचा असतो, मग थोडी उसंत आणि पुन्हा धडक. पुढच्या फळीत उभा राहणारा खेळाडू 140 किलोंचा असू शकतो, तर बाजूने पळणारा 85 किलोंचा. दोघांची अंगकाठी वेगळी, काम वेगळे, म्हणून व्यायामही वेगळा लागतो. तो नीट आखून दिला नाही, तर गुडघा, खांदा, मान यांपैकी काहीतरी जायबंदी होतेच.

नेब्रास्कातील एक दुखरी पाठ

1960 च्या दशकापर्यंत बहुतेक प्रशिक्षकांची समजूत अशी होती की वजने उचलल्याने स्नायू आखडतात आणि खेळाडू मंद होतो. नेब्रास्का विद्यापीठात बॉइड एप्ली नावाचा बांबूउडीचा एक विद्यार्थी होता. पाठीला दुखापत झाली म्हणून तो एकटाच वजनांचा व्यायाम करीत असे. फुटबॉल संघातले जायबंदी खेळाडूही त्याच्याबरोबर व्यायाम करू लागले. ते परत मैदानात उतरले तेव्हा पूर्वीपेक्षा दणकट झालेले दिसले. सहायक प्रशिक्षक टॉम ऑस्बर्न यांच्या ते लक्षात आले आणि त्यांनी मुख्य प्रशिक्षक बॉब डेव्हनी यांच्याकडे एप्लीसाठी शब्द टाकला.

संघाचे दिवस तेव्हा वाईट होते. 1968 च्या हंगामात ओक्लाहोमाने त्यांना 47-0 असे हरवले होते. डेव्हनी राजी झाले, पण एकही खेळाडू मंदावला तर नोकरी जाईल अशी तंबी देऊनच. ऑगस्ट 1969 मध्ये एप्लीला तासाला दोन डॉलर या दराने कामावर घेतले गेले. पुढे 1970 आणि 1971 अशी लागोपाठ दोन वर्षे नेब्रास्काने राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. हे सगळे वजनांमुळेच झाले असे म्हणता येणार नाही, पण इतर विद्यापीठांचे डोळे उघडले. 1978 मध्ये एप्ली यांच्या पुढाकाराने अशा प्रशिक्षकांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. 1985 पासून या पेशासाठी परीक्षा आणि प्रमाणपत्रही सुरू झाले.

याच नेब्रास्काच्या संघातून 2011 ते 2014 या काळात अमीर अब्दुल्लाह हा मुस्लिम कुटुंबातला, भावंडांत धाकटा असलेला खेळाडू गाजला. तीन हंगामांत त्याने प्रत्येकी हजार यार्डांहून अधिक धाव घेतली आणि पुढे तो व्यावसायिक फुटबॉलमध्ये गेला. त्याच्यासाठी सज्ज असलेल्या व्यायामशाळेची सुरुवात एका विद्यार्थ्याच्या दुखऱ्या पाठीपासून झाली होती.

वर्षभराचे काम

सामने साधारण सप्टेंबर ते डिसेंबर या काळात होतात. जानेवारी-फेब्रुवारीत वजने वाढवत नेऊन ताकद कमवायची, वसंतात खेळाचा सराव, उन्हाळ्यात वेग आणि दमसास, ऑगस्टमध्ये शिबिर. सामने सुरू झाले की व्यायाम कमी करायचा आणि कमावलेले फक्त टिकवायचे. विद्यार्थी खेळाडूंकडून हंगामात आठवड्याला 20 तासांपेक्षा आणि हंगामाबाहेर 8 तासांपेक्षा जास्त काम घेऊ नये असा नियम आहे. वर्षातले कित्येक महिने मुख्य प्रशिक्षकाला खेळाचा सरावच घेता येत नाही. त्या काळात मुले असतात ती ताकदीच्या उस्तादाजवळ. कोण नीट जेवत नाही, कोणाची झोप होत नाही, कोण दुखणे लपवतो आहे, हे त्यालाच सर्वांत आधी समजते.

चांगला उस्ताद नवख्या मुलाला पहिल्याच दिवशी जड वजन देत नाही. आधी हालचाल शिकवतो, मग वजन थोडे थोडे वाढवतो. सुट्टीवरून किंवा आजारातून परतलेल्याला पुन्हा खालच्या पायरीवरून चढवतो. उन्हाळ्यात पहिल्या दिवसांत व्यायाम हलका ठेवतो, कारण शरीराला उष्णतेची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात. यात दिसण्यासारखे काही नसते, पण मुलांचे जीव यावरच अवलंबून असतात.

जिथे अमानतीत खयानत झाली

29 मे 2018. मेरिलँड विद्यापीठाच्या मैदानावर फुटबॉल संघाची धावण्याची चाचणी चालू होती. 110 यार्डांच्या दहा धावा घ्यायच्या होत्या. जॉर्डन मॅकनेअर हा 19 वर्षांचा, जवळपास 147 किलो वजनाचा मुलगा शेवटच्या फेऱ्यांत लडखडू लागला. त्याला उष्माघात झाला होता. अशा वेळी रुग्णाला ताबडतोब बर्फाच्या पाण्याच्या टबात बसवायचे असते. ते झाले नाही. विद्यापीठाने नेमलेल्या चौकशीतून पुढे आले की लक्षणे दिसू लागल्यापासून रुग्णवाहिका निघेपर्यंत दीड तासाहून अधिक वेळ गेला होता. 13 जूनला त्याचा मृत्यू झाला. विद्यापीठाच्या अध्यक्षांनी कायदेशीर आणि नैतिक जबाबदारी जाहीरपणे स्वीकारली. ताकदीच्या प्रशिक्षकाला जावे लागले, नंतर मुख्य प्रशिक्षकालाही काढण्यात आले. त्याच्या आई-वडिलांनी मुलाच्या नावाने संस्था काढली आणि उष्माघाताबद्दल इतर पालकांना सावध करण्याचे काम हाती घेतले.

पाच-सहा सेकंदांच्या खेळासाठी एवढ्या वजनाच्या मुलाला एवढे का पळवायचे, हा प्रश्न येथे उभा राहतो. अनेक ठिकाणी अशा धावण्यामागे मन कणखर करणे हा हेतू सांगितला जातो. कोण आधी मोडतो, हे पाहिले जाते. मग मुलाला थांबावेसे वाटले तरी मित्रांसमोर लाज वाटते, आणि तो थांबत नाही.

असे प्रकार इतरत्रही घडले. जानेवारी 2011 मध्ये आयोवा विद्यापीठात सुट्टीनंतर लगेच खांद्यावर वजन घेऊन शंभर बैठका काढायला लावल्या गेल्या. काही दिवसांतच 13 खेळाडू रुग्णालयात दाखल झाले. अतिश्रमाने स्नायू फुटून त्यांतील द्रव्ये रक्तात उतरली होती. यात लघवी गडद तपकिरी होते आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. सुदैवाने ती मुले बरी झाली. 2006 मध्ये ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात 19 वर्षांचा एक खेळाडू शंभर यार्डांच्या सोळा धावांनंतर कोसळला आणि दुसऱ्या दिवशी दगावला. त्याच्या रक्तात सिकलसेलचा अंश होता आणि तो कोणाला माहीत नव्हता. त्यानंतर 2010 पासून वरच्या श्रेणीतील विद्यापीठांच्या खेळाडूंची सिकलसेल चाचणी सुरू झाली. सिकलसेल आपल्या विदर्भात आणि नंदुरबारकडेही आढळतो, हे तिथल्या वाचकांनी ध्यानात ठेवावे.

2019 मध्ये अमेरिकेतील कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेने नवी मार्गदर्शक तत्त्वे काढली. व्यायाम शिक्षा म्हणून देऊ नये, प्रशिक्षक प्रमाणित असावा, सुट्टीनंतर काम हळूहळू वाढवावे, आणीबाणीत काय करायचे याची तालीम आधी झालेली असावी, असे त्यात आहे. आईच्या समजुतीत जे सहज बसते, ते नियम म्हणून लिहायला कित्येक मुले गमवावी लागली.

रमजानमधला सराव

रोजेदार खेळाडूसाठी तर या उस्तादाची समज आणखी महत्त्वाची ठरते. मिशिगन राज्यातील डिअरबॉर्न गावात अरब मुस्लिमांची मोठी वस्ती आहे. तिथल्या फोर्डसन हायस्कूलच्या संघात बहुसंख्य मुले मुस्लिम. 2010 मध्ये रमजान ऑगस्टच्या ऐन उन्हाळ्यात, हंगामपूर्व शिबिराच्या दिवसांत आला. प्रशिक्षक फुआद झबान यांनी सरावच रात्री हलवला. रात्री अकराला दिवे लावून सुरू व्हायचे आणि पहाटे थांबायचे. मुले पाणी पीत पीत खेळत आणि मग सहरी करीत. या संघावर 2011 मध्ये माहितीपटही निघाला.

वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातून पुढे आलेला हुसैन अब्दुल्लाह व्यावसायिक संघातही रोजे ठेवत असे. 2010 च्या रमजानमध्ये संघाच्या आहारतज्ज्ञाने त्याच्यासाठी सहरी आणि इफ्तारचा आहार आखून दिला. 2012 मध्ये तो आणि त्याचा भाऊ हमजा हंगाम सोडून हजला गेले. 2014 मध्ये गुण मिळवल्यावर त्याने मैदानावर सज्दा केला तेव्हा पंचांनी दंड ठोठावला. तो दंड चुकीचा होता, हे लीगने दुसऱ्याच दिवशी मान्य केले. हाच हुसैन 2016 मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, डोक्याला वारंवार बसलेल्या धक्क्यांमुळे खेळातून निवृत्त झाला. कितीही कमावलेले शरीर असले तरी मेंदूवर चिलखत चढवता येत नाही. कुठे थांबायचे, हे त्याने स्वतः ओळखले.

आपल्या घरात

आपल्या मुलांपैकी फार थोडी अमेरिकेत फुटबॉल खेळायला जातील. पण मगरिबनंतर जिमला जाणारी मुले आज प्रत्येक मोहल्ल्यात आहेत, पोलीस आणि सैन्य भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावणारी मुले-मुलीही आहेत. जून 2014 मध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या धावण्याच्या चाचणीत काही उमेदवार कोसळून दगावले, ते आपण विसरलेलो नाही. मेरिलँडचे मैदान तेवढे दूर नाही.

बलवान मोमिन अल्लाहला अधिक प्रिय आहे, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले आहे. शरीराचाही माणसावर हक असतो, हेही त्यांनीच शिकवले. या दोन्ही गोष्टी एकत्र धरायला हव्यात. ताकद कमवावी आणि ती कमवताना शरीराचा हक मारू नये.

म्हणून जिमची फी भरण्याआधी वडिलांनी किंवा आईने एकदा तिथे जाऊन यावे. शिकवणाऱ्याने हे काम कुठे शिकले आहे ते विचारावे. नवख्याला पहिल्या महिन्यात काय करायला लावतात ते पाहावे. कोणी 'लवकर अंग भरेल' म्हणून इंजेक्शन किंवा गोळ्या सुचवीत असेल तर मुलाला तिथून काढावे. रमजानमध्ये व्यायाम इफ्तारनंतर आणि हलका ठेवावा, झोप मोडू देऊ नये.

आणि मुलाला घरातच काही खुणा शिकवाव्यात. उन्हात धावताना कोणी लडखडू लागला, असंबद्ध बोलू लागला, तर तो नाटक करीत नाही. त्याला सावलीत घ्यावे, मिळेल त्या गार पाण्याने, बर्फाने संपूर्ण अंग थंड करीत राहावे आणि त्याच वेळी रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नये. व्यायामानंतर लघवी गडद झाली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. जिवावर बेतले तर रोजा सोडण्याची सवलत शरीअतने दिलेलीच आहे, तेव्हा संकोच करू नये.

शेवटी, मुलाला एक वाक्य घरातून मिळालेले असावे: दम लागला, चक्कर आली तर थांब, घरी कोणी तुला कमजोर म्हणणार नाही. उस्ताद चांगला असेल तर तोही हेच सांगेल. नसेल, तर निदान आई-वडिलांचा शब्द त्याच्या कानात असेल. अल्लाह आपल्या सर्वांच्या लेकरांना सलामत ठेवो. आमीन.