भिंत का पडली?

जमीन खचली, भिंत पडली, की आपण लगेच पावसाकडे बोट दाखवतो. पण मंडळी, पाऊस दरवर्षीच येतो. मग नेमकी हीच भिंत का पडली? अशा अपघातांची चौकशी करणारा अभियंता याच प्रश्नापासून सुरुवात करतो.

त्याचा पहिला साक्षीदार म्हणजे तडा. विटांच्या भिंतीत पायऱ्यापायऱ्यांनी तिरका गेलेला तडा बहुधा सांगतो, की पाया एका बाजूला जास्त खचला आहे. अभियंता त्या तड्यावर काचेची पट्टी प्लास्टरने बसवतो आणि तारीख लिहून ठेवतो. पट्टी फुटली, की समजावे, हालचाल चालूच आहे. उन्हाळ्यात रुंदावणारा आणि पावसाळ्यात मिटणारा तडा बहुतेक काळ्या मातीमुळे असतो, कारण ही माती भिजली की फुगते, वाळली की आकसते. सतत वाढतच जाणारा तडा मात्र कच्च्या भरावाची किंवा गळक्या नळाची शंका आणतो.

विश्रांतवाडीसारख्या भागात हे विशेष ध्यानात ठेवावे. इथे टेकडीच्या बाजूला मुरूम लवकर लागतो, तर मुळा नदीच्या अंगाला काळ्या मातीचा थर वाढत जातो. इमारतीचा अर्धा पाया मुरमावर आणि अर्धा भरावावर आला, तर ती सारखी बसणार कशी? म्हणून चौकशीत जुने नकाशे काढतात, जुन्या रहिवाशांना विचारतात : इथे ओढा होता का? विहीर बुजवली का? मग पायाशेजारी खड्डा घेऊन मातीचे थर तपासतात.

पुण्यातच, कोंढव्यात, २९ जून २०१९ च्या मध्यरात्रीनंतर एका सोसायटीची संरक्षक भिंत खालच्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर कोसळली. मुलाबाळांसह १५ जण गेले. पोटासाठी मुख्यतः बिहारमधून आलेली ही माणसे झोपेत होती.

अशा ठिकाणी दोन गोष्टी आधी पाहाव्या लागतात. भिंतीच्या पायथ्याशी खोदाई झाली होती का? आणि मागचे पाणी निघून जायला वाट होती का? तीन मीटर उंच भिंतीमागे वरपर्यंत पाणी तुंबले, तर भिंतीच्या दर मीटर लांबीवर सुमारे साडेचार टन भार नुसत्या पाण्याचा येतो. मातीचा भार वेगळाच. पाऊस निमित्त होतो. कारण त्याआधीच तयार असते.

माणसे बाहेर काढणे हे पहिले काम, यात वाद नाही. पण त्यानंतर मोजमापे आणि छायाचित्रे न घेताच राडारोडा उचलला, तर पुरावाही त्याच्याबरोबर जातो.

तेव्हा यंदा पावसाळ्यापूर्वी आपल्या सोसायटीच्या भिंतीला एक फेरी मारा. पाणी जाण्याची छिद्रे बुजलेली नाहीत ना, भिंत फुगलेली किंवा कललेली नाही ना, ते पाहा. आणि भिंतीच्या पलीकडे कोण झोपते, तेही पाहा.