पाचटाच्या धुरातला दलाल

बारामतीहून फलटणकडे निघालात की नीरा ओलांडण्याआधी सांगवी लागते. १८८५ साली नीरा डावा कालवा आला आणि पुढे या पट्ट्यात उसाने पाय रोवले. उसामागून पाचट आलेच. तोडणी संपली, की खोडव्याच्या सऱ्या पाचटाने झाकलेल्या असतात. ते गोळा करायला मजूर मिळत नाही, पाणी देताना अडचण होते. मग काडी ओढायची, घटकाभरात रान मोकळे! वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी येऊन बसते, एवढीच काय ती घरातली कुरकुर.

काजळी झटकता येते. न दिसणाऱ्या कणांचे तसे नाही. अडीच मायक्रॉनहून बारीक, म्हणजे केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्श्याहूनही लहान असे हे कण फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचतात. अर्धवट जळण्यातून आणि पुढे हवा-उन्हाच्या क्रियेतून त्यांच्यावर क्विनोन नावाची संयुगे आलेली असतात.

या क्विनोनचा धंदा पाहण्यासारखा आहे. माझी हयात बँकेत गेली, त्यामुळे मला तो दलालच वाटतो. फुप्फुसाच्या अस्तरावरच्या ओलाव्यात क जीवनसत्त्व, ग्लुटाथायोन अशी शरीराची शिल्लक असते. क्विनोन त्यातून इलेक्ट्रॉन उचलतो, प्राणवायूला देतो आणि स्वतः पुन्हा होता तसा! इलेक्ट्रॉन मिळालेला प्राणवायू म्हणजे सुपरऑक्साइड, एक मुक्त मूलक. त्यापासून हायड्रोजन पेरॉक्साइड होते. त्याला कणांतले लोह भेटले, की हायड्रॉक्सिल मूलक. हा मात्र भलताच दांडगा. पेशीचे आवरण, प्रथिने, डीएनए, समोर येईल त्याचा लचका तोडतो. दलाल तोवर पुढच्या फेरीला निघालेला असतो. खर्ची पडते ती आपली शिल्लक. ती आटली की श्वासनलिकांना सूज येते, दमेकऱ्याचा दमा उसळतो.

म्हणूनच हवेतल्या धुळीचे नुसते वजन करून भागत नाही. आपल्याकडे २००९ पासून या बारीक कणांची मर्यादा घनमीटरला वार्षिक सरासरी ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये स्वतःची ५ वर आणली. दोन्ही हिशेब वजनाचेच. रानातली माती आणि पाचटाचा धूर तराजूत सारखे भरतील, छातीत नाही.

पाचट जाळू नका, सरीत कुजवा, हा सल्ला मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आणि आपले कृषी खाते कित्येक वर्षे देत आहेत. हेक्टरी आठ-दहा टन पाचट. वर युरिया, सुपर फॉस्फेट आणि कुजवणारे जिवाणू टाकायचे. ओल टिकते, तण दबते. शेतकऱ्याला हे ठाऊक नाही असे मुळीच नाही. त्याला अडते ते मजुरीपाशी, कुट्टी यंत्राच्या भाड्यापाशी. काडी ओढणाऱ्याच्या घरातही धाप लागणारे म्हातारे माणूस असतेच, आणि ऊसतोड कामगारांची पोरे तर रानालगतच्या कोप्यांतच झोपलेली असतात.